तुकडा पुरेसा आला का?

संगमनेर असो, श्रीगोंदा असो की जामखेड, फोनवरचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "पुण्याला नेऊन दुर्बिणीतून तुकडा काढला. रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत असं लिहिलंय. मग डॉक्टर परत तपासणी करायला का सांगतात?" त्याला जोडून दुसरा येतो, "सुई टोचल्यानं गाठ पसरणार तर नाही ना?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दुर्बीण घालणारे डॉक्टर वेगळे, मी तिच्यातून आलेला तुकडा बघते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की रिपोर्ट हाती आलेल्या तुकड्यापुरता असतो. गाठीत कॅन्सर असला आणि सुईत शेजारच्या सुजेचा भाग आला, तर मी सूजच लिहिणार. ते लिहिणं बरोबर असतं, पण त्यावर उपचार ठरवता येत नाहीत. स्वादुपिंडाच्या घट्ट गाठीत अनुभवी हातांनी केलेली ही तपासणी शंभरातले साधारण ८५ ते ९० कॅन्सर पकडते, बाकीचे निसटतात. म्हणून "काही निघालं नाही" हे ऐकून घरी परतण्याआधी विचारा की तुकडा पुरेसा आला होता का.

तपासणीत काय होतं

हिला एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणतात, फाईलवर ईयूएस असं लिहिलेलं असतं. तोंडातून जाणाऱ्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवलेला असतो. स्वादुपिंड जठराला आणि लहान आतड्याला चिकटून असल्यामुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा आतून ते फार स्पष्ट दिसतं. पित्तनळी, छातीच्या मधल्या भागातल्या गाठी आणि जठराच्या आवरणाखालची वाढही अशीच दिसते. मग पडद्यावर बघत बघत दुर्बिणीतून सुई पुढे सरकवून गाठीत नेतात. बाहेर टाका नाही, जखम नाही. रुग्णाला भूल किंवा गुंगीचं औषध देतात आणि सगळं सुरळीत झालं तर बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

तुकडा घ्यायचाच आहे का, हे आधी ठरवा

दरवेळी तुकडा लागतोच असं नाही. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाची गाठ अगदी कॅन्सरसारखी दिसत असेल, ती शस्त्रक्रियेनं पूर्ण काढता येण्याजोगी असेल आणि रुग्णाची तब्येत ऑपरेशन सोसणारी असेल, तर अनेक सर्जन बायोप्सीशिवाय थेट ऑपरेशनचा सल्ला देतात. बायोप्सीत काही आलं नाही तरी अशा गाठीचं ऑपरेशन करावंच लागतं, मग थांबून काय साधणार?

तुकडा लागतो तो अशा वेळी:

- ऑपरेशनच्या आधी किमोथेरपी द्यायची असेल, किंवा आजार पसरल्यामुळे फक्त किमोथेरपीच शक्य असेल. तुकड्यावर निदान झाल्याशिवाय किमो सुरू करत नाहीत.
- गाठ कॅन्सरची की टीबीची, हे स्कॅनवरून कळत नसेल. आपल्याकडे हा प्रश्न सतत येतो. पोटातल्या आणि छातीतल्या लिम्फ नोडच्या गाठी टीबी, लिम्फोमा (लिम्फ नोडचाच कॅन्सर) आणि दुसरीकडून पसरलेला कॅन्सर या तिन्हींत सारख्याच दिसू शकतात, आणि तिन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.
- स्वादुपिंडाची अशी सूज असेल जी गाठीसारखी दिसते पण स्टेरॉइडनं बरी होते. ती ओळखायला सुटे पेशीसमूह पुरत नाहीत, अखंड तुकडा लागतो.

गाठ पसरण्याची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या फार थोड्या आहेत. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असेल तर सुई लहान आतड्यातून जाते, आणि पुढे ऑपरेशन झालं तर तो भाग गाठीबरोबरच काढला जातो. शेपटाकडची गाठ असेल तर सुई जठरातून जाते आणि जठर मागे राहतं. तिथे ऑपरेशन नक्की ठरलेलं असेल तर बायोप्सी खरंच हवी का, हे सर्जनला मोकळेपणानं विचारा.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी मुद्दाम सांगते. घरात मेंढ्या आणि कुत्रे असतील, रानात वाड्यावर राहणं असेल आणि स्कॅनमध्ये पाण्याची गाठ दिसली असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना सांगा. कुत्रा आणि मेंढीच्या साखळीतून माणसाला हायडॅटिड नावाची गाठ होते. तिच्यात नकळत सुई गेली तर अंगावर गंभीर रिॲक्शन येऊ शकते.

क्रम चुकवू नका

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, शौच पांढरट झालं आणि पोटात दुखत मात्र नाही, अशी कावीळ पित्तनळी अडल्याची असू शकते. अशा रुग्णाचे सुरुवातीचे काही आठवडे काविळीच्या गावठी औषधात जातात, आणि ते आठवडे पुढे भरून निघत नाहीत. अशा काविळीत लगेच सोनोग्राफी करून घ्या.

त्यानंतरचा क्रम साधारण असा ठेवा: आधी स्वादुपिंडासाठीचा सीटी स्कॅन, मग ईयूएस आणि गरज असेल तर तुकडा, आणि शेवटी पित्तनळीत स्टेंट, म्हणजे ती मोकळी ठेवणारी छोटी नळी. घाईत आधी स्टेंट टाकला की स्कॅनमध्ये त्याची सावली पडते, आजूबाजूला सूज येते, आणि गाठ कुठवर पोचली आहे हे वाचणं अवघड होतं. अपवाद एकच, पण मोठा. कावीळ आणि त्यासोबत थंडी वाजून ताप असेल तर पित्तनळीत पू धरलेला असू शकतो. तेव्हा तुकड्याची वाट बघू नका, अडथळा आधी मोकळा करून घ्या.

सुई आणि हात

कोणती सुई वापरायची हे डॉक्टर ठरवतील. तरी त्यामागचा हिशेब कळला तर रिपोर्ट समजतो. या सुया १९, २२ आणि २५ गेजच्या असतात. आकडा मोठा तितकी सुई बारीक: १९ ची जाडी सुमारे एक मिलिमीटर, २५ ची त्याच्या निम्मी. जाड सुई जास्त ऊतक आणते, पण ती ताठ असते. लहान आतड्याच्या वळणावर दुर्बीण वाकलेली असताना ती पुढे जात नाही, म्हणून स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या गाठीत २२ किंवा २५ चीच सुई हाती येते.

दुसरा फरक टोकाचा. साध्या सुईनं पेशी ओढून घेतात, त्याला एफएनए म्हणतात. नव्या सुयांच्या टोकाला मुकुटासारखे किंवा काट्यासारखे दाते असतात, त्या ऊतकाचा सलग धागा कापून आणतात, ही एफएनबी. लिम्फोमा, जठराच्या भिंतीतली गाठ, किंवा ज्या कॅन्सरवर पुढे इम्युनो (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखणाऱ्या) आणि जनुकीय चाचण्या करायच्या आहेत, तिथे सलग धागा असला की माझं काम खूप सोपं होतं.

सुईपेक्षा हाताचं कसब जास्त महत्त्वाचं. मोठ्या गाठीचा मधला भाग अनेकदा मेलेला असतो. सुई तिथेच खुपसत राहिलं तर माझ्याकडे नुसता मेलेला चोथा येतो. चांगला डॉक्टर एकदा आत शिरल्यावर सुईची दिशा थोडी थोडी बदलत पंख्यासारखी फिरवतो आणि कडेचा जिवंत भागही घेतो. ओढ किती द्यायची यालाही अर्थ आहे. जोरात ओढलं की रक्त जास्त येतं आणि पेशी त्यात बुडतात. म्हणून काही जण सुईतली तार सावकाश मागे घेत हलकीशी ओढ देतात, काही जण सुईत आधी सलाईन भरून घेतात. दोन्ही पद्धती चालतात.

किती वेळा टोचलं यावरून नातेवाईक घाबरतात. "चार वेळा सुई घातली म्हणे" हे तक्रारीच्या सुरात ऐकू येतं. युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेनं घट्ट गाठींसाठी दिलेला सल्ला असा: तिथल्या तिथे स्लाइड बघणारं कुणी नसेल तर साध्या सुईनं तीन-चार वेळा आणि तुकड्याच्या सुईनं दोन-तीन वेळा नमुना घ्यावा. तेव्हा एकदाच टोचून थांबले असतील तर कारण विचारा, चारदा टोचलं म्हणून रागावू नका.

तपासणी ठरवताना हे तीन प्रश्न विचारा:

1. नमुना घेताना तिथे पॅथॉलॉजिस्ट किंवा सायटोलॉजीचा तंत्रज्ञ असेल का? असेल तर लगेच स्लाइड बघून "पुरेसं आहे" किंवा "अजून एकदा घ्या" हे कळतं.
2. नसेल तर डॉक्टर स्वतः नमुना डोळ्यांनी बघून ठरवतील का? चार मिलिमीटरहून लांब पांढरट-पिवळसर धागे दिसले तर निदान होण्याची शक्यता चांगली असते.
3. नमुना कोणत्या लॅबमध्ये जाणार, आणि तिथे इम्युनो चाचण्या होतात का?

डबीचा प्रवास

आता तुमच्या हातात असलेल्या भागाकडे येऊ. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

अनेक ठिकाणी तपासणी झाली की नातेवाइकांच्या हातात प्लास्टिकची छोटी डबी आणि एक कागद येतो, "लॅबला देऊन या". डबीत पारदर्शक द्रव असतो आणि तळाशी लालसर गाळ. नीट बघा. त्या लाल गुठळ्यांमध्ये शेवयांच्या तुकड्यांसारखे पांढरट धागे दिसतात. तेच ऊतक, बाकी बहुतेक रक्त. संपूर्ण निदान त्या दोन-चार धाग्यांवर उभं असतं. ते सांडले, वाळले किंवा चुकीच्या द्रवात पडले तर पुन्हा भूल, पुन्हा सुई, पुन्हा खर्च.

डबी घेताना हे बघा:

- लेबल. रुग्णाचं पूर्ण नाव, वय, नमुना नेमका कुठून घेतला, तारीख आणि वेळ. दोन ठिकाणांहून नमुने घेतले असतील तर दोन डब्या, दोन लेबलं. लेबल झाकणावर नको, डबीवर हवं, कारण लॅबमध्ये झाकणं बाजूला काढून ठेवतात.
- द्रव कोणता. नेहमीच्या तुकडा तपासणीसाठी १० टक्के फॉर्मालिन लागतं, ऊतकाच्या निदान दहापट. कमी वाटलं म्हणून पाणी घालू नका. फॉर्मालिनची डबी फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवू नका. हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नका.
- टीबीची शंका आहे का. असेल तर नमुन्याचा एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये, वेगळ्या डबीत हवा. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही, आणि सीबीनॅट या टीबीच्या चाचणीसाठीही तो नमुना घेत नाहीत. ही चूक मी वारंवार बघते. सगळाच नमुना फॉर्मालिनमध्ये पडलेला असतो आणि "टीबी आहे का ते सांगा" असा कागद सोबत असतो. सलाईनची डबी त्याच दिवशी पोचवा. उशीर होणार असेल तर थंड कशी ठेवायची ते लॅबला विचारा. सीबीनॅट सरकारी यंत्रणेत मोफत होते.
- लिम्फोमाची शंका आहे का. फ्लो सायटोमेट्री या पेशींच्या चाचणीसाठी ताजा नमुना लागतो, फॉर्मालिनमधला चालत नाही. हे आधी ठरलं असेल तरच जमतं.
- स्लाइड. पसरलेल्या काही स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये टाकाव्या लागतात. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्या बघता बघता वाळतात आणि पेशींचा आकार बिघडतो. ही जबाबदारी दवाखान्याची. तरी स्लाइड कागदात गुंडाळून हातात दिल्या तर त्या कशात बुडवल्या होत्या हे विचारायला हरकत नाही.

सोबतच्या फॉर्मवर नुसतं "बायोप्सी" असं लिहिलेलं असेल तर तो परत द्या आणि भरून मागा. सीटीचा रिपोर्ट, पूर्वीचा कॅन्सर, पूर्वीचा टीबी, टाकलेला स्टेंट, घेतलेली किमो: यातलं काहीच माहीत नसेल तर मी अंधारात रिपोर्ट लिहिते. स्टेंटच्या घर्षणानं बदललेल्या पेशी कॅन्सरसारख्या दिसू शकतात. स्टेंट आहे हे कळलं तर मी जपून लिहीन.

आधीची तयारी

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि नवीन गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण हृदयात स्टेंट किंवा झडप बसवलेली असेल तर स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या.
- सहा तास जेवण नाही, दोन तास पाणीही नाही. दूधवाला चहा जेवणात धरा. लांबून एसटीनं येणाऱ्यांना सकाळची वेळ पडली तर आदल्या रात्री मुक्काम करणं बरं.
- मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन उपाशीपोटी घ्यायचं की नाही, हे आदल्या दिवशीच विचारा.
- रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट ताज्या हव्यात. कावीळ फार दिवस असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो, त्यासाठी व्हिटॅमिन के द्यावं लागू शकतं.
- सीटीची नुसती फिल्म नको, सीडी न्या.

जिल्ह्यातून कुठे जायचं

ही तपासणी प्रत्येक तालुक्याच्या गावी होत नाही. लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय, विळद घाटातलं विखे पाटील रुग्णालय आणि शिर्डी संस्थानचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल इथे आधी चौकशी करा. ईयूएस होते का, तुकडा घेतात का आणि कोणत्या वारी, हे तीनही स्वतंत्र प्रश्न आहेत. सोय बाहेरच बघायची झाली तर संगमनेर, अकोले, कोपरगावकडच्यांना नाशिक, नेवासा, शेवगाव, पाथर्डीकरांना छत्रपती संभाजीनगर, आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जतच्या लोकांना पुणे सोयीचं पडतं. पण अंतरापेक्षा तिथल्या डॉक्टरांचा या तपासणीतला सराव बघा. महिन्यातून किती तुकडे घेता, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

रिपोर्टमधले शब्द

*अपुरा नमुना:* उत्तर मिळालेलंच नाही, तपासणी परत करावी लागेल.
*कॅन्सरच्या पेशी नाहीत:* स्कॅनशी जुळत असेल तरच दिलासा. स्कॅन कॅन्सर म्हणतो आणि रिपोर्ट नाही म्हणतो, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा.
*ॲटिपिकल:* पेशी बदललेल्या आहेत, पण सुजेमुळे की कॅन्सरमुळे ते सांगता येत नाही.
*संशयास्पद:* कॅन्सरची दाट शंका, पण पुरावा थोडा कमी.
*मॅलिग्नंट:* कॅन्सर. या निदानावर या तपासणीत सहसा शंका घ्यावी लागत नाही.

सीए १९-९ ही रक्ततपासणी तुकड्याची जागा घेत नाही. नुसत्या काविळीतही तिचा आकडा चढतो.

तपासणी परत करायची झाली तर त्याच पद्धतीनं पुन्हा करण्यात फार अर्थ नाही. काय बदलणार ते विचारा: सुईचा प्रकार, गाठीचा भाग, स्लाइड बघणाऱ्याची हजेरी, की रुग्णालयच. यकृतात गाठी पसरल्या असतील तर पोटावरून सोनोग्राफीच्या मदतीनं तिथला तुकडा घेणं सोपं आणि स्वस्त असतं. हा पर्याय कधी कधी कुणाच्या लक्षातच येत नाही.

घरी आल्यावर

घसा दुखणं, थोडी मळमळ, पोट फुगणं दिवसभर चालतं. पोटात वाढत जाणारी कळ, पाठीत घुसणारं दुखणं, ताप, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका. स्वादुपिंडाला सूज येणं, रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणं क्वचित घडतं, पण घडलं तर तास मोजावे लागतात. गावातल्या डॉक्टरांना तपासणीचा कागद दाखवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा.

पैसे आणि हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजसाठी. नुसती तपासणी त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर पैसे भरण्याआधी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पहिल्या फेरीलाच न्या. खर्च विचारताना सुई, भूल आणि पॅथॉलॉजी धरून विचारा. सुई महाग असते आणि इम्युनो चाचण्यांचं बिल मागाहून येतं.

संमतीपत्र मराठीत मागा. तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समिरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. त्याच भुलीत स्टेंट टाकायचा असेल तर ते आधी लिहिलेलं हवं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं मिळायला हवीत. दुसरं मत घेणं हाही तुमचा हक्क आहे. माझ्यासकट कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला त्यात अपमान वाटायला नको.

दुसऱ्या मतासाठी, समजा परळच्या टाटा मेमोरियलला जायचं असेल, तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक दोन्ही लॅबमधून सही करून मागून घ्या, ब्लॉकचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळवून बघा, आणि काम झालं की दोन्ही परत आणून फाईलसोबत सांभाळा. पुढच्या जनुकीय चाचण्या त्याच ब्लॉकवर होतात. स्लाइड काचेच्या असतात, त्या डब्यात कापूस घालून न्या. आणि उन्हाळ्यात ब्लॉक बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, त्यातलं मेण वितळतं.